डायलिसिसच्या रुग्णांचा ताण मोजायचाय? मग फॉर्म छापायच्या आधी हे वाचा

“काका, गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा ताण जाणवला?”

“जाणवतो की. सुया लावल्या की दंडापासून मनगटापर्यंत ताण बसतो. चिकटपट्टी जरा सैल करा, म्हणजे बरं वाटतं.”

माझ्या प्रबंधातला हा पहिला प्रश्न आणि हे पहिलं उत्तर. चिकटपट्टी सैल करून दिली, पण फॉर्मवर काय लिहावं ते कळेना. त्याआधी मी सहा वर्षं डायलिसिस युनिटमध्ये (किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीनने गाळून जादा पाणी काढतात तिथे) स्टाफ नर्स होते. मशीन लावता येतं, बीपी पडलं तर सलाईन सोडता येतं, म्हणजे आपल्याला रुग्ण कळतात असा माझा समज होता. एम.एस्सी. नर्सिंगला आल्यावर विषय निवडताना म्हणूनच फार विचार केला नाही. पुढची दीड वर्षं तो विचार करण्यातच गेली.

नर्सिंग, मानसशास्त्र, समाजकार्य किंवा डायलिसिस टेक्नॉलॉजी शिकणारं कुणी हा विषय घेत असेल, तर त्यांच्यासाठी हे टिपण आहे. संशोधन नको, फक्त आपल्या युनिटमधल्या रुग्णांची विचारपूस नीट पद्धतीने करायची आहे, असं असेल तर तिसरी आणि सहावी पायरी सोडा. बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

१. नेमकं काय मोजायचं ते आधी ठरवा

‘ताण’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो. पहिली, ताण देणाऱ्या गोष्टी: सुया, पाण्यावरचं बंधन, गाडीभाडं, सुटलेली नोकरी. दुसरी, माणसाला प्रत्यक्ष जाणवणारा ताण. तिसरी, त्याचे परिणाम: चिंता, नैराश्य, उडालेली झोप. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. घटना किती मोठी यापेक्षा माणूस ती कशी तोलतो आणि तिला तोंड द्यायला आपल्याकडे काय आहे असं त्याला वाटतं, यावर ताण ठरतो. शेजारशेजारच्या दोन खाटांवर हे रोज दिसतं. एकजण सुई टोचताना मोबाईलवर क्रिकेट बघत असतो, दुसऱ्याला त्या सुईच्या धास्तीने आदल्या रात्री झोप लागत नाही. सुई तीच, जाडीही तीच.

विषयाच्या शीर्षकात ‘ताण’ आणि हातात नैराश्याची प्रश्नावली, असे प्रबंध मी ग्रंथालयात डझनाने पाहिले आहेत. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येतो.

२. फूटपट्टी निवडा

स्वतः प्रश्नावली बनवायचा मोह होईल. ‘स्वरचित प्रश्नावली, पाच तज्ज्ञांकडून तपासून घेतली’ हा आपल्याकडचा राजमार्ग आहे. जाऊ नका. तुमचे आकडे मग जगातल्या दुसऱ्या कुठल्याच आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत. तयार फूटपट्ट्या आहेत, त्यांतली एक घ्या.

हिमोडायलिसिस स्ट्रेसर स्केल. बॉल्ड्री, मर्फी आणि पॉवर्स यांनी १९८२ मध्ये खास डायलिसिसच्या रुग्णांसाठी केलेलं. मूळ प्रश्न २९, पुढे थोड्या वाढवलेल्या आवृत्त्याही फिरतात, त्यामुळे आपण कुठली घेतली ते लिहा. सुई टोचण्याचं दुखणं, पायात गोळे येणं, खाज, थकवा, पाण्यावर आणि खाण्यावर बंधन, येण्याजाण्याची अडचण, खर्च, घरातलं स्थान बदलणं, पुढे काय होणार याची काळजी, असं सगळं त्यात येतं. काय त्रास देतंय ते यातून कळतं. माझ्या मते युनिटच्या कामाला सगळ्यात उपयोगी हेच.

परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल. शेल्डन कोहेन आणि सहकारी, १९८३. मूळ १४ प्रश्न, पण बहुतेक लोक १० प्रश्नांची आवृत्ती वापरतात. डायलिसिसचं नावही त्यात नाही. गेल्या महिन्यात आयुष्य हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, असा त्याचा सूर. प्रत्येक उत्तराला ० ते ४ आणि एकूण ० ते ४० गुण. शैक्षणिक कामासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

डास-२१. लोव्हिबाँड यांची १९९५ ची. नैराश्य, चिंता आणि ताण यांचे सात-सात प्रश्न, काळ गेला आठवडा. फुकट वापरता येते. पण चिंतेच्या सात प्रश्नांकडे डायलिसिसच्या नजरेने बघा: तोंडाला कोरड पडली का, श्वास घ्यायला त्रास झाला का, छातीत धडधडलं का. अहो, दिवसाला मोजून पाणी पिणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडणारच, आणि सोमवारी अंगात तीन किलो पाणी घेऊन येणाऱ्याला धाप लागणारच. माणूस चिंताग्रस्त आहे की नुसता पाण्याने भरला आहे, हे ही प्रश्नावली सांगू शकत नाही. ताणाच्या सात प्रश्नांत ही भानगड कमी आहे.

हॅड्स (झिगमंड आणि स्नेथ, १९८३) ही रुग्णालयातल्या रुग्णांची चिंता आणि नैराश्य मोजण्यासाठी, शारीरिक लक्षणं शक्य तितकी बाजूला ठेवून केलेली. मात्र ती परवान्याची आहे, पैसे पडतात. पीएचक्यू-९ नैराश्यासाठी, तिच्यात झोप, भूक आणि थकवा आहे, म्हणजे पुन्हा तीच अडचण. केडीक्यूओएल-३६ जीवनमानासाठी चांगली. तिला ताणाची प्रश्नावली म्हणू नका.

माझी शिफारस: हिमोडायलिसिस स्ट्रेसर स्केल आणि परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल अशी जोडी. एकातून कारण कळतं, दुसऱ्यातून भार. तिसरी प्रश्नावली जोडू नका. माणूस थकतो आणि शेवटच्या पानावर सगळीकडे ‘कधी कधी’वर खुणा पडतात.

लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) मोजू का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं, कारण ते ‘शास्त्रीय’ दिसतं. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं. तुमचे रुग्ण पहाटेच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या शिफ्टमध्ये विभागलेले. त्यात अनेकांच्या तोंडाला लाळच कमी, आणि काहीजण आधीच्या प्रत्यारोपणामुळे किंवा मूळ आजारामुळे स्टिरॉइडवर. मनगटी घड्याळातून हृदयगतीचा चढउतार बघायचा, तर मधुमेहाने बिघडलेल्या नसा आणि बीपीच्या गोळ्या आडव्या येतात. नाडी आणि बीपी तर मशीन पाणी काढू लागलं की त्यामुळेच हलतात. प्रयोगशाळा, पैसे आणि जाणकार मार्गदर्शक असतील तर जरूर करा, नाहीतर कागद-पेन पुरे.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

हे कंटाळवाणं आहे, म्हणून एकदम देते. फाईल करा आणि या क्रमाने लावा:

– मंजूर झालेला सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा)
– संस्थेच्या एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी वाचा, कमिटी त्यातूनच विचारते)
– रुग्णालयाच्या अधीक्षकांचं आणि किडनीतज्ज्ञांचं परवानगीपत्र. युनिट कंत्राटावर चालवायला दिलेलं असेल तर त्या चालकांचंही
– प्रश्नावलीच्या परवानगीचा ईमेल, छापून
– मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. जिथे लागेल तिथे हिंदी आणि उर्दूही
– भाषांतराची प्रमाणपत्रं
– रुग्णाला कुणाकडे पाठवायचं त्याचा लेखी आराखडा (पाचवी पायरी)

नुसतं मोजणार नसाल, श्वसनाचे व्यायाम किंवा संगीत देऊन आधी-नंतर मोजणार असाल, तर पहिला रुग्ण घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी करा. नंतर करू म्हटलं तर दार बंद होतं.

आता इथला खड्डा. मी सुरुवातीच्या अकरा संमतीपत्रांवर सह्या रुग्ण मशीनवर असताना घेतल्या. कुणाच्या उजव्या हाताला सुया, डाव्या हाताने केलेली सही म्हणजे कोंबडीचा पाय. मार्गदर्शक बाईंनी ती सगळी बाजूला ठेवली. अक्षरासाठी नव्हे. “सुया टोचलेला, हलता न येणारा माणूस, समोर रोज त्याला मशीनवर घेणारी सिस्टर. तो नाही म्हणेल का?” मला उत्तर नव्हतं. अकराही फॉर्म बाद. संमती वजनकाट्यापाशी, सुई लागण्याआधी घ्या. माहितीपत्रक आदल्या वेळी घरी द्या, म्हणजे घरात वाचून होतं. शक्य असेल तर ज्या युनिटमध्ये तुम्ही नोकरी करता ते सोडून दुसरं निवडा. अंगठा लावणार असतील तर साक्षीदार तुमच्या चमूबाहेरचा हवा.

४. मराठी करा, पण खरंच मराठी

नियम साधे आहेत. एकाने मराठी करायचं. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. दोन्ही ताडून बघायचं. मग पाच-सहा रुग्णांना वाचून दाखवायचं आणि “पटलं का?” असं न विचारता “यातून तुम्हाला काय समजलं?” असं विचारायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि सगळी गंमत तिथेच असते.

परसीव्ह्ड स्ट्रेस स्केलच्या आठव्या प्रश्नाचं एक भाषांतर मला एका जुन्या प्रबंधात सापडलं: ‘तुम्ही गोष्टींच्या वर आहात असे किती वेळा वाटले?’ आमच्या मावशी म्हणाल्या, “वर म्हणजे? वरच्या मजल्यावर?” आम्ही ते ‘सगळं आपल्याला निभावतंय असं किती वेळा वाटलं?’ असं केलं. लगेच उत्तर आलं.

‘ताण’ शब्दाचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. आमच्याकडे शेवटी ‘टेन्शन’ ठेवलं. एका परीक्षकांनी नाक मुरडलं, पण खाटेवरचा प्रत्येक माणूस तोच शब्द वापरतो. काही बायका ‘जिवाला घोर’ म्हणतात, तोही कंसात ठेवला. पायातले गोळे कुठे पेटके होतात, कुठे वांब. खाजेला कुणी कंड म्हणतं. आपल्या तालुक्यात काय म्हणतात ते आधी कान देऊन ऐका.

उत्तराचे पाच पर्याय ही वेगळीच डोकेदुखी. ‘कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, खूपदा’ हे वाचून दाखवेपर्यंत पहिला पर्याय विसरलेला असतो. म्हणून मी चित्रांचं कार्ड केलं: पाण्याचे पाच पेले, रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत. फार हुशारी केली असं वाटलं. पहिल्याच आजींनी कार्ड उलटं करून ठेवलं. “सिस्टर, आम्हाला घोटभर मिळत नाही आणि तुम्ही भरलेला पेला दाखवता होय?” दुसऱ्या दिवशी पेल्यांच्या जागी पाच पायऱ्यांचा जिना आला.

५. पहिला फॉर्म भरण्याआधी: कुणाकडे पाठवायचं ते ठरवा

प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि काही उत्तरं ऐकून घरी जाता येत नाही. पीएचक्यू-९ वापरत असाल तर तिचा नववा प्रश्न थेट मरणाच्या विचाराबद्दल आहे. नसाल वापरत तरी हे येणारच. डायलिसिसच्या रुग्णाचं बोलणं जरा निराळं असतं. तो जीव देण्याचं नाव काढत नाही, “पुढच्या आठवड्यापासून येत नाही” म्हणतो. “पोरांच्या मागे आता किती लागायचं” म्हणतो. हे वैतागाचे शब्द आहेत की ठरवलेली गोष्ट, ते विचारल्याशिवाय कळत नाही. विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तसा विचार शिरत नाही, ही भीती काढून टाका.

लेखी ठरवा: त्याच दिवशी कुणाला सांगायचं (ड्युटीवरचे डॉक्टर), मानसोपचार विभागात कोण बघणार, घरच्यांना कळवायचं का आणि कुणी. गुप्ततेची हमी देताना ‘जिवाला धोका वाटला तर डॉक्टरांना सांगावं लागेल’ हे वाक्य माहितीपत्रकातच घाला, म्हणजे नंतर विश्वासघात होत नाही. फॉर्मच्या मागे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

६. किती रुग्ण मिळतील याचा हिशेब

सूत्राने आकडा काढायच्या आधी मशीन मोजा. समजा युनिटमध्ये दहा मशीन, दिवसाला तीन शिफ्ट, आठवड्याला सहा दिवस. म्हणजे १८० जागा. सगळे आठवड्याला तीनदा येत असतील तर माणसं ६०, दोनदा येत असतील तर ९०. बस, एवढीच तुमची दुनिया. नेहमीच्या सूत्राने (अंदाज ५० टक्के, चूक १० टक्के) ९६ येतात आणि विद्यार्थी घाबरतो. छोट्या लोकसंख्येची दुरुस्ती लावा: ६० जणांच्या युनिटसाठी ते ३८ वर येतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

‘तीन महिन्यांहून कमी काळ डायलिसिसवर असलेले वगळले’ ही ओळ सगळे एकमेकांचं बघून लिहितात. तिला कारण आहे, नव्या रुग्णाची तब्येत स्थिर नसते. पण पहिले तीन महिनेच सगळ्यात वाईट असतात. मानेत कॅथेटर (नळी), फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) अजून तयार नाही, नोकरीचं काय होणार माहीत नाही. त्यांना वगळलंत तर तसं स्पष्ट लिहा आणि निष्कर्ष सगळ्या रुग्णांच्या नावाने खपवू नका.

७. कधी विचारायचं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आणि तुम्हीही घालवा.

तोच माणूस, तोच फॉर्म, वेळ बदलली की आकडा बदलतो. डायलिसिस साधारण चार तासांचं. सुई लागण्याआधी रुग्ण वजनाच्या रांगेत असतो, खिडकीजवळची खाट मिळेल का या चिंतेत. पहिल्या अर्ध्या तासात सुयांचं दुखणं ताजं. मधला काळ त्यातल्या त्यात शांत. शेवटच्या तासात बीपी पडतं, पायात गोळे येतात, कुणीतरी ओकत असतं. संपल्यावर सुयांच्या जागी बोटं दाबून बसलेला माणूस फक्त एसटीच्या वेळेकडे बघत असतो. त्या क्षणी ‘आयुष्य हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं का?’ विचारलंत तर काय सांगेल?

त्यात वाराही आला. सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार अशा पाळ्या असतात, मधला रविवार सुट्टीचा. त्यामुळे आठवड्यातलं पहिलं डायलिसिस दोन कोऱ्या दिवसांनंतरचं. वजन वाढलेलं, धाप, सुजलेले पाय. सोमवारी फॉर्म भरलेला माणूस आणि बुधवारी भरलेला माणूस यांची तुलना करणं म्हणजे उपाशी आणि जेवलेल्याची साखर एकाच रकान्यात लिहिणं. आठवड्याला दोनदा येणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं.

मग करायचं काय? आदर्श म्हणाल तर डायलिसिस नसलेला दिवस. मशीन चालू असताना स्मरण आणि आकलनाच्या चाचण्यांत रुग्णांचे गुण घसरतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्याला फॉर्मसाठी पुन्हा बोलावणं हा अन्याय आहे, आणि फोनवर विचारलं तर उत्तर बायको देते. मी शेवटी हे ठरवलं: आठवड्यातलं दुसरं डायलिसिस, मशीन लागल्यापासून अर्ध्या तासाने सुरुवात, दुसरा तास संपायच्या आत शेवट. बीपी पडलं तर फॉर्म तिथेच थांबवायचा आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून. दोनदा येणाऱ्यांसाठी कमी दिवसांच्या खंडानंतरचं डायलिसिस. ही वेळ सर्वोत्तम आहे असा माझा दावा नाही. सगळ्यांसाठी एकच होती आणि लिहून ठेवली होती, एवढंच.

फॉर्मच्या डोक्यावर हे रकाने ठेवाच: वार, शिफ्ट, मशीन लागल्याची वेळ, प्रश्न सुरू केल्याची वेळ, आजचं वाढलेलं वजन, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), फिस्टुला की कॅथेटर, डायलिसिसला किती महिने झाले, आज काही बिनसलं का. शेवटच्या रकान्याने माझे तीन विचित्र आकडे वाचवले. एकाच्या फिस्टुलात त्या दिवशी तीनदा टोचावं लागलं होतं.

‘गेल्या महिन्यात’ हा काळही पक्का करून द्या. तारखेने कुणाला आठवत नाही, गणपती, आषाढी, मुलाची परीक्षा असं काहीतरी धरून दिलं की आठवतं.

८. कसं विचारायचं

मधुमेहाने नजर अधू झालेले बरेच असतात, त्यामुळे ‘स्वतः भरा’ म्हणून फॉर्म दिलात तर तो नातेवाईक भरतो. काहींना वाचून दाखवायचं आणि काहींनी स्वतः भरायचं, असं मिसळू नका. मी सगळ्यांना वाचून दाखवलं. आवाज एकसारखा, समजावून सांगायची वाक्यंही आधी ठरवलेली.

खाटांमध्ये अंतर तीन-चार फूट. पडदा असला तरी तो कानाला लागत नाही. इथे जिन्याचं कार्ड कामाला आलं. मी प्रश्न हळू वाचायची, रुग्ण बोट ठेवायचा. बोललं कुणीच नाही, तर शेजारच्याला काही कळत नाही.

नातेवाइकांना बाहेर चहाला पाठवा. हे जमवायला कौशल्य लागतं. एका काकूंनी नवऱ्याची पहिली सहा उत्तरं स्वतःच दिली, “यांना काही टेन्शन नाही हो, सगळं मीच बघते.” त्या औषधं आणायला गेल्यावर काका खूप वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सगळं तीच बघते, तेच तर टेन्शन आहे.” सहाही उत्तरं बदलली.

नवरा-बायकोच्या संबंधांचा प्रश्न हिमोडायलिसिस स्ट्रेसर स्केलमध्ये आहे. तो गाळू नका आणि दामटूही नका. विचारणारी व्यक्ती शक्यतो बाईंसाठी बाई, पुरुषांसाठी पुरुष. ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा आणि त्यावर किती बोटं पडली ते मोजा, तीही माहितीच आहे.

बरोबर काय न्यायचं: पुठ्ठ्याची पाटी, दोन पेनं, कार्ड (प्लास्टिकमध्ये घातलेलं, कारण ते प्रत्येक खाटेनंतर पुसायचं असतं), घड्याळ आणि एक कोरी वही. कार्डावर न बसणारी वाक्यं त्या वहीत जातात. प्रबंधाचं चर्चेचं प्रकरण माझं त्या वहीतूनच लिहून झालं.

९. गुण मांडताना होणाऱ्या चुका

परसीव्ह्ड स्ट्रेस स्केलच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे आहेत. तिथे ० चे ४ करायचे, १ चे ३. हे विसरलं की सगळे रुग्ण बरोबर मध्यावर येऊन बसतात आणि ‘बहुसंख्य रुग्णांत मध्यम ताण’ असा सुबक निष्कर्ष निघतो. तुमचाही तसाच निघाला तर आधी इथे बघा.

डास-२१ ची बेरीज दुप्पट करायची असते, कारण तक्ता मूळ ४२ प्रश्नांसाठीचा आहे. दुप्पट केल्यावर ताणासाठी ० ते १४ सामान्य, १५ ते १८ सौम्य, १९ ते २५ मध्यम, २६ ते ३३ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र.

परसीव्ह्ड स्ट्रेस स्केलमध्ये १३ पर्यंत कमी, २६ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त, असा हिशेब सर्रास चालतो. ती रोगनिदानाची प्रश्नावली नाही, त्यामुळे या रेषांवर फार भार टाकू नका. सरासरी आणि पसारा (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) द्या. हिमोडायलिसिस स्ट्रेसर स्केलमध्ये शारीरिक आणि मनोसामाजिक बेरजा वेगळ्या द्या. दोन्ही एकत्र केल्या की खाज आणि कर्ज एकाच आकड्यात विरघळतात. त्यापेक्षा प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढून उतरत्या क्रमाने लावा. पहिली पाच नावं वाचून युनिटला काहीतरी करता येतं.

आणि वय, लिंग, धर्म, शिक्षण, आहार, कुटुंबाचा प्रकार अशा बारा गोष्टींशी काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी चाचणी) लावत बसू नका. बारा वेळा जाळं टाकलं की एखादा मासा नुसत्या नशिबानेही लागतो. दोन-तीन प्रश्न आधी ठरवा. डायलिसिसला किती महिने झाले, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं, युनिट किती लांब आहे, हे बघण्यासारखे. खर्चाच्या प्रश्नावर एक सावधगिरी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होत असेल तर ‘खर्चाचा ताण नाही’ असं धरून चालू नका. येणंजाणं, बरोबरच्या माणसाचा बुडालेला रोज, बाहेरची औषधं, हे वेगवेगळं विचारलं तर खरं चित्र दिसतं.

१०. आकडे परत द्या

प्रबंध बांधून झाला की तो कपाटात जातो. त्याआधी दोन पानं वेगळी काढा. एक युनिटसाठी: पहिली पाच कारणं आणि त्यांतलं युनिटच्या हातात काय आहे ते. आमच्या यादीत ‘येण्याजाण्याची अडचण’ इतकी वर आली, की लांबून येणाऱ्या चौघांची शिफ्ट एसटीच्या वेळेनुसार बदलून मिळाली. पाण्याचं बंधन, थकवा आणि पुढची काळजी जिथल्या तिथे राहिली.

दुसरं पान रुग्णांसाठी, मोठ्या अक्षरात, कुणाचंही नाव नसलेलं. मी ते वजनकाट्याशेजारी लावलं. चिकटपट्टीवाल्या काकांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, “यात माझा नंबर कितवा?” नावं नाहीत काका, म्हटलं. “बरं,” म्हणाले, आणि वजनकाट्यावर चढले. दोन किलो आठशे जास्त.